पडदेताई आणि पाहुण्यांचा सोफा

आमच्या गल्लीतल्या पडदेताईंचा फोटो इतके देश फिरून आला आहे की त्यातल्या निम्म्यांची नावं आम्हा शेजाऱ्यांना नीट उच्चारताही येत नाहीत. खुद्द ताई मात्र बाजाराच्या पलीकडे फारशा गेलेल्या नाहीत. बाजार संपला की फूटपाथ सुरू होतो, आणि आमचा फूटपाथ असा उंच आहे की त्यावर चढवायचं तर ताईंच्या चाकाच्या खुर्चीला आधी गिर्यारोहण शिकवावं लागेल. फोटोला चाकं लागत नाहीत, त्यामुळे तो जातो.

ताई पडदे शिवतात. लहान असताना त्यांना ताप आला, आणि गेला तो दोन्ही पायांतलं बळ घेऊन गेला. "पाय नेले आणि हात ठेवले," ताई म्हणतात, "म्हणजे चोर अगदीच शिकाऊ असणार." धाकट्या बहिणीच्या घराची तळमजल्यावरची पुढची खोली म्हणजे त्यांचं दुकान. त्यात कापायचं टेबल गुडघ्याएवढं, कापडाचे तागे कमरेच्या खाली, आरसा असा टांगलेला की उभ्या माणसाला त्यात फक्त स्वतःचं पोट दिसावं. या दुकानात उभी माणसं गैरसोयीची. गिऱ्हाईक कापड बघायला वाकतं, घासाघीस करायला उकिडवं बसतं आणि निघताना कंबर धरून म्हणतं, "एखादं उंच टेबल ठेवा ना हो ताई."

"बघू," ताई गंभीरपणे सांगतात, "निधी आला तर."

ही भाषा त्या संस्थांकडून शिकल्या. आमच्या गावात बाहेरून निधी आणणाऱ्या संस्था येत असतात. कोणी पाण्यासाठी येतं, कोणी माता-बालकांसाठी, कोणी डासांसाठी. प्रत्येक कामात अपंग माणसांनाही सामील करून घ्यायचं असा त्यांचा नियम असतो, आणि नियम चांगलाच आहे. तो पाळला किती झटपट जातो, एवढंच बघण्यासारखं असतं. एक ताई आणि एक कॅमेरा, झालं काम. डासांच्या कार्यक्रमात ताईंनी मच्छरदाणी हातात धरली. पाण्याच्या कार्यक्रमात नळ उघडला. तो नळ ओट्यावर होता, म्हणून चार जणांनी त्यांना खुर्चीसकट वर उचललं. खुर्ची अर्ध्यावर उचलली असताना चौघांपैकी एकाचा फोन वाजला आणि त्याने तो घेतला. त्यानंतर बरेच दिवस ताई एका कुशीवर बसून शिवत होत्या. "कपाट हलवताना लोक जास्त काळजी घेतात," त्या म्हणाल्या. "कपाटाच्या आरशाला तडा जाईल अशी भीती असते." त्या दिवसापासून कोणाला उचलू म्हणून द्यायचं नाही, हे त्यांनी ठरवून टाकलं.

ताईंना काय म्हणावं याचे शब्दही दर कार्यक्रमागणिक सुधारत गेले. सुरुवातीचा शब्द आता कोणी उच्चारत नाही आणि शेवटचा इतका लांबला आहे की निवेदक मध्ये श्वास घेतो. पायऱ्या होत्या तिथेच राहिल्या.

आता दांडीवाल्यांबद्दल सांगायला हवं. दांडीवाले म्हणजे पडद्याच्या दांड्या बसवणारे गृहस्थ. विधुर, अबोल, खिशात कायम स्क्रूची पुडी. ताई पडदा शिवणार आणि हे दांडी ठोकणार, अशी त्यांची वर्षानुवर्षांची जोडी. माप मात्र ताई स्वतः घेणार. दुसऱ्याच्या हातच्या मापावर त्यांनी आयुष्यात कात्री चालवली नाही. वरच्या मजल्यांची कामं त्या याचसाठी घेत नाहीत, आणि म्हणूनच त्यांचा पडदा कधी आखूड झाला नाही. याचा त्यांना इतका अभिमान की परक्याच्या घरात गेल्यावर त्या आधी पडद्याखालची फट बघतात, मग माणसांकडे.

दुपारी दुकानाचं शटर अर्धं खाली येतं आणि आत दांडीवाले असतात. दुसऱ्या कोणाचं शटर असं खाली आलं असतं तर गल्लीने त्यावर रात्री जागवल्या असत्या. इथे सगळे म्हणायचे, "मापं जुळवत असतील." चाकाच्या खुर्चीतल्या बाईबद्दल वावगं कोणी बोलत नाही, कारण तसं काही मनातच येत नाही. चारित्र्याचा इतका शुभ्र दाखला आमच्या गल्लीत दुसऱ्या कोणालाही फुकटात मिळालेला नाही.

तर गोष्ट अशी, की ज्या वयात बायका 'सुटले एकदाची' म्हणतात, त्या वयात, सगळं बंद होऊन चांगली काही वर्षं गेल्यावर, ताईंना पुन्हा रक्त जाऊ लागलं. त्यांनी ते फक्त धाकटीला सांगितलं. धाकटीच्या हातातली सुई थांबली. दोघींची आई याच दुखण्याने गेली होती, आणि तिनेही पहिले काही महिने असंच 'उष्णता असेल' म्हणून काढले होते.

"ताई, उद्याच दवाखान्यात जायचं."

"जाऊ. बेडरूमचा तो निळा सेट होऊ दे."

"खड्ड्यात गेला निळा सेट!"

गेल्या दोघी. दवाखान्यातलं तपासायचं टेबल छातीएवढं उंच. त्यावर चढायला लोखंडी स्टूल. तिथला माणूस ताईंकडे, मग स्टुलाकडे, मग पुन्हा ताईंकडे बघून म्हणाला, "जरा उभ्या राहिलात तर?"

"उभी राहिले असते तर नाचतच आले असते," ताई म्हणाल्या.

मग आतून डॉक्टरांनी मान वर न करता विचारलं, "लग्न?"

"नाही झालं."

"मग तुम्हाला या तपासणीची तशी गरज नाही." आणि उष्णतेवरच्या गोळ्या दिल्या.

घरी येताना धाकटी रस्ताभर रडत होती आणि ताई तिला समजावत होत्या की दवाखान्याचा पडदा विलक्षण वाईट शिवलेला आहे, एका बाजूने चुण्याच घातलेल्या नाहीत.

अशात समन्वयकबाई आल्या. समन्वयकबाई म्हणजे नव्या संस्थेची गावातली मुलगी. सडपातळ, प्रामाणिक, दोन फोन आणि दोन्हींवर कोणीतरी ओरडतंय. संस्थेचा नवा कार्यक्रम होता बायकांच्या कॅन्सरच्या तपासणीचा. गर्भपिशवी, स्तन, सगळं एका छताखाली, फुकट. पोस्टर छापून तयार होतं. त्यावर 'एकही बाई मागे राहू नये' आणि खाली खुर्चीत हसणाऱ्या पडदेताई. फोटो मच्छरदाणीच्या वेळचा होता. मच्छरदाणी सफाईने कापून टाकलेली.

"ताई, उद्घाटनाला तुम्ही स्टेजवर हव्यात. परदेशातून मोठ्या बाई येताहेत. आणि स्टेजला पडदाही तुम्हीच शिवायचा."

ताईंनी पोस्टर हातात घेऊन जरा लांब धरलं. "मी या तपासणीला या म्हणतेय का सगळ्यांना?"

"हो ना!"

"मग माझी तपासणी कधी?"

समन्वयकबाईंचा चेहरा असा झाला, जणू पोस्टरनेच प्रश्न विचारला असावा. पण मुलगी खरंच चांगली. सावरून म्हणाली, "ताई, सगळ्यात पहिली तुमची. शब्द देते. तपासणीचं टेबलही बाहेरून मागवलंय, बटण दाबलं की खाली येतं. आणि रॅम्प बांधलाय. खास तुमच्यासाठी."

ताईंनी पोस्टर खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "पडद्याला अस्तर लावते. नुसतं कापड पारदर्शक दिसेल."

उद्घाटनाच्या सकाळी ताईंनी चांगली साडी नेसली, आणि धाकटीने पिशवीत आणखी एक घेतली, लागली तर. दांडीवाले आदल्या दिवशीच जाऊन स्टेजभोवती दांडी बसवून आले होते. तिन्ही बाजूंनी येणारा पडदा, दोरी ओढली की सर्रकन बंद. आरोग्य केंद्राच्या दारात रॅम्प दिसला. काय तो रॅम्प! गुळगुळीत, कठडा दोन्ही बाजूंना, कडेला पिवळे पट्टे. ताई एकट्याने खुर्ची ढकलत वर गेल्या आणि रॅम्प संपला तिथे थांबल्या. रॅम्प स्टेजवर संपत होता.

"तपासणीची खोली कुठली?"

समन्वयकबाईंनी हॉलच्या पलीकडे बोट दाखवलं. पाणी शिरू नये म्हणून तो भाग चांगला उंच बांधलेला. पायऱ्या, त्यावर दार, दारावर फीत, आणि आत ते बटण दाबलं की खाली येणारं टेबल.

"आणि तिथला रॅम्प?"

"ताई... गवंड्याने विचारलं, त्या कुठे जाणार? मी म्हटलं, स्टेजवर." बोलता बोलताच तिला आपलं बोलणं ऐकू आलं असावं, कारण तिचे कान लाल झाले. "पण चौघं जण आहेत ना, अलगद उचलतील—"

"फोन काढून घेतलेत का त्यांचे?"

कार्यक्रम सुरू झाला. स्टेजवर समारंभाच्या अध्यक्षांच्या घरून आणलेला रुंद, बुटका, मखमली सोफा. त्यावर अध्यक्ष, परदेशातल्या मोठ्या बाई आणि तपासणीला आलेल्या डॉक्टरबाई. शेजारी खुर्चीत ताई. समोर हॉलभर बायका. बहुतेकींना बळेच आणलेलं, आणि चहा झाला की तपासणी न करता सटकायचं हे बहुतेकींचं पक्कं झालेलं. अध्यक्ष बोलले. मग पुन्हा अध्यक्षच बोलले. ताईंच्या पदराला माईक लावला गेला. त्यांनी दोन शब्द बोलायचे होते, ते समन्वयकबाईंनी पाठ करून घेतले होते, आणि त्यांतला एक 'कृतज्ञ' होता.

"बायांनो," ताई म्हणाल्या, "पोस्टरवर मीच आहे. मागे राहू नका असं मी म्हणतेय तिथे. पण तपासायची खोली पायऱ्यांवर आहे आणि मी इथं आहे. मला रक्त जातंय. आई यातच गेली. तेव्हा आज मी तपासून घेतल्याशिवाय घरी जाणार नाही, आणि मला कोणी उचलायचंही नाही. खुर्ची जाते ती जागा या इमारतीत एकच आहे, ही. तर तपासणी इथेच होईल." मग अध्यक्षांकडे वळून अगदी गोड आवाजात, "उठता का जरा? सोफा माझ्या खुर्चीच्या उंचीचा आहे."

अध्यक्ष उठले. सभ्यतेने नव्हे. त्यांना आयुष्यात कोणी उठा म्हटलं नव्हतं, त्यामुळे नाही कसं म्हणायचं ते ठाऊक नव्हतं. डॉक्टरबाई आधीच उठल्या होत्या. त्यांनी वाकून सोफा हाताने दाबून बघितला, म्हणाल्या, "उंची बरी आहे," आणि सिस्टरला हाक मारली, "वरचा दिवा आणि पेटी खाली आण."

ताईंनी विंगेत उभ्या दांडीवाल्यांकडे बघितलं. "अहो. ओढा."

सगळ्या हॉलमधल्या बायकांनी ते 'अहो' ऐकलं. लग्न झालेली बाई ज्या सुरात 'अहो, दूध उतू जातंय' म्हणते, तो सूर. पडदा सर्रकन बंद झाला. अस्तरासकट. आतलं काही म्हणता काही दिसेना.

बाहेर आलेल्या मोठ्या बाईंनी समन्वयकबाईंना विचारलं, हे काय चाललंय? घाबरलेली मुलगी म्हणाली, "नाटक." मोठ्या बाईंनी मनापासून टाळ्या वाजवल्या आणि पहिल्या रांगेत जाऊन बसल्या.

दिसत काही नव्हतं. पण ताईंच्या पदराचा माईक काढायचा राहिला होता.

"लग्न झालंय, ताई?" हॉलभर डॉक्टरबाईंचा आवाज घुमला.

"नाही."

"संबंध?"

"आहेत."

हॉलमधल्या बायका पुढे सरकून बसल्या.

"आहेत म्हणजे?"

"म्हणजे काय? लग्नाच्या हॉलला पायऱ्या असतात हो. बाकीचं तळमजल्यावर होतं."

दोरी हातात धरून उभे असलेले दांडीवाले छताकडे बघू लागले, तिथे एखादा स्क्रू ढिला आहे का ते. त्यांची मान गळ्यापासून कानांपर्यंत पेटली होती. तेवढ्यात आतून सिस्टरची किंकाळी आली, "बाई, माईक!" आणि खट्ट आवाज होऊन हॉल शांत झाला.

मग मागच्या रांगेतून कोणीतरी फस्सकन हसलं, आणि ते हसू रांगारांगांतून पुढे येत मोठं होत गेलं. चिडवणारं नव्हतं ते. सुटकेचा सुस्कारा सुटावा तसं होतं. पडदा उघडला तेव्हा ताई पुन्हा खुर्चीत होत्या, साडी जागच्या जागी, चेहरा पडद्याची ऑर्डर पोचवून आल्यासारखा. डॉक्टरबाई म्हणाल्या, "पुढच्या कोण?"

गुडघे गेलेली एक आजी उठली. "मला पण इथंच. त्या पायऱ्या मी कशाला चढतेय?" तिच्यामागून ऐकू न येणारी इस्त्रीवाली उठली. ती कोणत्याच तपासणीला जात नसे, कारण सिस्टर तिच्यावर ओरडत, आणि ओरडणारं तोंड वाचता येत नाही. इथे तिने सगळं बघितलं होतं. तिने सोफ्याकडे बोट दाखवलं, मग स्वतःकडे. डॉक्टरबाईंनी तिच्यासमोर उभं राहून सावकाश तोंड हलवत सांगितलं, आणि पडदा पुन्हा बंद झाला. चहा झाल्यावर कोणी सटकलं नाही. वरच्या दारावरची फीत त्या दिवशी कापलीच गेली नाही. सोफा अध्यक्षांनी परत मागितला नाही. त्यांच्या घरच्यांनीच नको म्हटलं, असं ऐकतो.

गल्लीत मात्र हाहाकार. शटर, दुपार, मापं, सगळ्याची नव्याने उजळणी झाली. दुकानासमोरून जाताना बायका मुद्दाम चाल मंद करू लागल्या. समोरच्या काकूंनी तर ताईंशी बोलणंच सोडलं. धाकटीला वाईट वाटलं. ताई मात्र कित्येक दिवस खुशीत होत्या. "अगं, शेवटी एकदा गल्लीने मला आपल्यात घेतलं," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं सगळ्यांच्या भानगडी काढायचे, माझी कोणी काढली नव्हती."

पण तपासणीत जे निघालं ते हसण्यासारखं नव्हतं. आईचंच दुखणं, फक्त लवकर सापडलेलं. शहरातल्या मोठ्या इस्पितळात पिशवी काढावी लागली. ऑपरेशनच्या आधी टेबल बटणाने खाली आलं आणि ताईंच्या खुर्चीला टेकलं.

"पुन्हा एकदा करा बघू," ताई म्हणाल्या.

तिथल्या माणसाने वर नेलं, खाली आणलं.

"एवढंच होतं होय?" त्या म्हणाल्या आणि सरकल्या. बाहेर बाकावर दांडीवाले स्क्रूची पुडी उघडून मोजत बसले होते, पुन्हा पुन्हा, आणि दर वेळी वेगळेच भरत होते.

त्या उद्घाटनाचं संस्थेने काय केलं, ते समन्वयकबाईंनी नंतर सांगितलं. परदेशी गेलेल्या अहवालात त्याला 'समुदायाने स्वतः विकसित केलेलं मंचाधारित सेवाप्रारूप' असं नाव मिळालं. फोटो अर्थात ताईंचा. मोठ्या बाईंनी आवर्जून कळवलं की वरच्या तपासणीच्या खोलीलाही पडदे हवेत, आणि ते त्याच बाईंनी शिवलेले.

समन्वयकबाई दुकानात आल्या, वाकल्या, बुटक्या स्टुलावर बसल्या. "ताई, काम घ्याल ना? मापं मी आणलीत."

"मापं मी घेते."

"ताई, खिडकी वर आहे."

"मग मोठ्या बाईंना कळव, पडदेवाली बाई खिडकीपर्यंत पोचत नाही."

हळूहळू समन्वयकबाईंच्या चेहऱ्यावर असं काही पसरलं की ते दोन्ही फोनवरच्या लोकांना आवडलं नसतं. "ताई," ती म्हणाली, "अगदी याच शब्दांत कळवते."

बाईला तपासता यावं म्हणून जो रॅम्प झाला नव्हता, तो खिडकीचं माप घेता यावं म्हणून झाला. याला कठडा एकाच बाजूला होता आणि पिवळे पट्टे नव्हते, पण तो दारापाशी संपत होता. ताई वर गेल्या. दांडीवाले स्टुलावर चढून टेपचं वरचं टोक धरून उभे राहिले, खालचं ताईंच्या हातात. शहरातून पुढच्या तपासण्या यायच्या होत्या. दुखण्याचं मूळ राहिलंय की गेलंय, ते त्यांवर ठरणार होतं. धाकटी त्या आठवड्यात कोणाशी धड बोलत नव्हती.

डॉक्टरबाई आत आल्या. "ताई, शहरातून फोन होता. स्वच्छ आहे. काही राहिलेलं नाही."

"थांबा हो," ताई म्हणाल्या, "आकडा विसरेन." आणि टेपकडे बघत राहिल्या. बराच वेळ. मग एक आकडा बोलल्या. स्टुलावरच्या दांडीवाल्यांनी तो मान हलवून लक्षात ठेवला. त्यांनाही खालचं नीट दिसत नसावं.

पडदा दोन बोटं आखूड झाला.

खिडकी उंच आहे, बाहेरून कोणाला काही दिसत नाही. फक्त तपासणीच्या टेबलावर पडलं की पडद्याखालून उजेडाची एक पट्टी दिसते. दांडीवाले दोनदा म्हणाले, दांडी खाली सरकवून देतो, पाच मिनिटांचं काम.

"राहू दे," ताई म्हणतात. "अहो, राहू दे म्हटलं ना."